कामावर ठामपणे इंग्रजी बोलण्यासाठी: सांगली-कुपवाडच्या नवोदितांकरिता

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, मिरजेच्या रुग्णालयांत किंवा तासगावच्या बेदाणा निर्यातदारांकडे नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना आपले काम बहुधा चांगले येत असते. ड्रॉइंग वाचता येते, मोजमाप बिनचूक घेता येते, रजिस्टर व्यवस्थित ठेवलेले असते. मात्र परदेशी ग्राहकाचा फोन आला किंवा ऑडिटर टेबलासमोर येऊन बसला, की हीच मुले अर्धे पाऊल मागे सरकतात आणि आपल्याऐवजी बोलेल अशा कोणाला तरी शोधू लागतात. कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या, कारखान्यांत गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत आणि हे मागे सरकणे मी स्वतःही अनुभवले आहे. म्हणून नव्याने कामाला लागलेल्यांसाठी, क्रमाने करता येतील अशा गोष्टी येथे लिहीत आहे.

माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून मिळाले. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले, तरीही बुजरेपणा गेलेला दिसत नाही. याचे कारण मला असे वाटते, की शाळेत इंग्रजी हा परीक्षेचा विषय होता आणि तेथे प्रत्येक चुकीला गुण कापले जात. कामावर चुकांचा हिशेब निराळा असतो. काही चुका कोणाच्या लक्षातही येत नाहीत आणि काही चुकांनी माल अडकतो. या दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखता येणे हेच नवोदिताचे खरे पहिले शिक्षण आहे.

आधी अधिकार म्हणजे काय ते ठरवावे

बोलण्यात अधिकार असणे म्हणजे इंग्रजांसारखा उच्चार असणे, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. मी एक साधी कसोटी वापरतो. तुमच्या वाक्यावर विसंबून समोरच्याला निर्णय घेता आला, तर तुमच्या बोलण्यात अधिकार आहे. उच्चार, व्याकरण, शब्दसंपदा या सगळ्यांची किंमत या कसोटीवरच ठरवावी.

ही कसोटी आपल्या शॉप फ्लोअरवर रोज पाहायला मिळते. भट्टीजवळचा जुना मिस्त्री लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूच्या पळीत, एकदा पाहतो आणि म्हणतो, "मेटल गार पडलंय, ओतू नका." एवढ्या दोन वाक्यांवर ओतकाम थांबते. मिस्त्री आवाज चढवत नाही, लांबलचक कारणे देत नाही आणि बोलून झाल्यावर "म्हणजे, मला असं वाटतं" असेही जोडत नाही. गार मेटल साच्यात शिरले तर कास्टिंग अपुरे भरेल हे त्याला पक्के माहीत असते आणि ते ज्ञान वाक्यात सरळ उतरते. "द मेटल इज कोल्ड. डोन्ट पोअर." या इंग्रजी वाक्यांतही तेच वजन आहे आणि त्यांतील एकही शब्द दहावीच्या पुढचा नाही.

दुसरी समजूत अशी, की समोरच्या सगळ्यांना इंग्रजी जन्मापासून येते. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे लोक साऱ्या भारतात सुमारे २ लाख ६० हजार होते; त्या वेळची लोकसंख्या १२१ कोटी होती. म्हणजे पुण्याचा खरेदी अधिकारी, चेन्नईचा ऑडिटर, मुंबईचा बँक अधिकारी हे सगळे तुमच्यासारखेच ही भाषा शिकून आलेले असतात. जर्मन आणि जपानी ग्राहकांचेही तेच आहे. आपल्याच जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्मलेले आणि कराडात शिकलेले यशवंतराव चव्हाण पुढे देशाचे संरक्षणमंत्री, अर्थमंत्री झाले आणि १९७४ ते १९७७ या काळात परराष्ट्रमंत्री होते. गावातून आलेल्या माणसाला परक्या भाषेत जगाशी व्यवहार करता येतो, यासाठी आपल्याला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

पहिले काम: आपल्या कामाची चाळीस वाक्ये

शब्दकोशातून रोज दहा शब्द पाठ करण्याचा उपक्रम बहुतेकांनी कधी ना कधी केलेला असतो आणि तो पंधरवड्यात बंद पडलेला असतो. त्याऐवजी एक दोनशे पानी वही घ्यावी आणि आठ दिवस आपण कामावर मराठीत काय काय बोलतो ते तिच्यात लिहावे. "दुसऱ्या लॉटमध्ये ब्लोहोल (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या) निघालेत." "गेज कॅलिब्रेशनला गेलाय." "ड्रॉइंगचा नवा रिव्हिजन आम्हाला मिळालेला नाही." आठवड्याच्या शेवटी लक्षात येते, की आपली वाक्ये फार नाहीत, चाळीस-पन्नास वाक्ये आलटून पालटून येत असतात. मग त्या वाक्यांना इंग्रजी रूप द्यावे, विभागातील जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावे आणि मोठ्याने म्हणून ती जिभेवर बसवावीत.

मनातल्या मनात वाचणे येथे उपयोगाचे नाही. जिभेला आणि ओठांना सवय झाल्याशिवाय वाक्य ऐन वेळी बाहेर पडत नाही. संध्याकाळी कृष्णाकाठी फिरताना किंवा आमराईत चक्कर मारताना ती दहा मिनिटे मोठ्याने म्हटली तरी पुरते.

निष्कर्ष आधी, कारण नंतर

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आपली सांगण्याची रीतही तशीच असते. आपण आधी पार्श्वभूमी सांगतो, मग अडचण आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष. "साहेब, काल दुपारी कोअरचे मशीन बंद पडले, मेकॅनिक यायला संध्याकाळ झाली, त्यामुळे दुसऱ्या शिफ्टला कोअर मिळाले नाहीत, म्हणून आजचा लॉट उद्या निघेल." मराठी ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो, कारण मुद्दा शेवटी येणार हे त्याच्या कानाला ठाऊक असते. हेच वाक्य याच क्रमाने इंग्रजीत सांगितले, तर पलीकडच्याला पहिली तीस सेकंदे केवळ सबबी ऐकू येतात. लॉट कधी निघणार या त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि तो मध्येच तोडतो. त्याने तोडले, की आपण गांगरतो आणि पुढचे व्याकरणही कोसळते. पुष्कळदा आपल्याला वाटते की इंग्रजी कच्चे म्हणून आपण अडलो, पण प्रत्यक्षात क्रम उलटा असल्यामुळे आपण अडलेलो असतो.

इंग्रजीत हेच असे सांगावे: "टुडेज लॉट विल लीव्ह टुमॉरो. द कोअर मशीन वॉज डाऊन फॉर सिक्स अवर्स. इट इज रनिंग नाऊ." लहान तीन वाक्ये आहेत. पहिल्यात निष्कर्ष, दुसऱ्यात कारण आणि तिसऱ्यात सध्याची स्थिती. त्याला आणखी हवे असेल तर तो विचारेल आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे स्वतःहून लांब निवेदन करण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

सवय लागेपर्यंत फोन उचलण्यापूर्वी कागदावर पहिले वाक्य लिहून ठेवावे. फक्त पहिलेच. पुढची आपोआप येतात.

ज्या चुकांनी काम बिघडते

नोकरीच्या पहिल्या वर्षातील एक प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, म्हणजे इंग्लंडमध्ये दुपारचे दोन. इंग्लंडमधील ग्राहकाच्या खरेदी विभागाचा फोन आला. केबिनमध्ये मी एकटाच होतो. त्यांनी विचारले, "सो द सेकंड लॉट हॅजन्ट लेफ्ट यट?" लॉट निघालेला नव्हता आणि मी मनात मराठीत उत्तर दिले: "हो, नाही निघाला." तोंडातून मात्र त्यातला फक्त "येस" बाहेर पडला. ते म्हणाले, "ओह, गुड," आणि फोन ठेवला. माल निघाला असे समजून त्यांनी पुढचे नियोजन केले. चार दिवसांनी कागदपत्रे मागितली गेली तेव्हा हा घोटाळा उघडकीस आला आणि माल विमानाने पाठवण्याची वेळ आली.

नकारार्थी प्रश्नाला मराठीत आपण प्रश्नातील विधानाशी सहमती दाखवतो, "आला नाही का?" या प्रश्नाला "हो, आला नाही" असे म्हणतो. इंग्रजीत सहमती प्रश्नाशी नसून घटनेशी जुळवली जाते. घटना घडली असेल तर "येस", घडली नसेल तर "नो", मग प्रश्न कसाही विचारलेला असो. हा नियम पाठ करण्यापेक्षा एकच सवय लावावी: नकारार्थी प्रश्नाला नुसते "येस" किंवा "नो" कधीही म्हणू नये, पूर्ण वाक्य बोलावे. "द लॉट इज स्टिल हिअर. इट विल लीव्ह ऑन थर्सडे." अशा वाक्याचे दोन अर्थ निघत नाहीत.

दुसरी चूक भूतकाळाची आहे. "मी काल मेल पाठवला होता" हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य आहे आणि त्याचे आपण "आय हॅड सेंट द मेल यस्टरडे" असे करतो. इंग्रजी कानाला "हॅड" ऐकले, की त्यानंतर आणखी काहीतरी घडले असावे असे वाटते आणि तो पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. "आय सेंट द मेल यस्टरडे" एवढेच म्हणावे. कालची गोष्ट सांगताना "हॅड" गाळायचे, हा नियम दहातल्या नऊ ठिकाणी बरोबर ठरतो.

तिसरी गोष्ट शब्दांची आहे. आपण शंका या अर्थाने "आय हॅव अ डाऊट" म्हणतो, परंतु परदेशी माणसाला त्यात अविश्वास ऐकू येतो. तेथे "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणावे. "मायसेल्फ" म्हणून स्वतःचे नाव सांगण्याऐवजी "आय ॲम" म्हणावे. "प्रीपोन" भारतात सर्वांना समजतो, मात्र परदेशी ग्राहकाशी बोलताना मीटिंग "अर्लियर" घेऊ असे म्हणणे सुरक्षित असते.

याउलट "अ" आणि "द" यांच्या चुकांकडे सध्या दुर्लक्ष करावे. मराठीत हे शब्दच नाहीत, त्यामुळे ते बसायला वर्षे लागतात आणि ते चुकल्यामुळे एखादा कंटेनर थांबल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

आकडे, तारखा, वेळा

आपल्या कामातील इंग्रजीचा मोठा भाग आकड्यांचा असतो आणि चुकीची किंमतही तेथेच सर्वांत जास्त असते. मराठी संख्यावाचनात एकक आधी येतो. त्रेसष्टमध्ये आधी तीन आणि मग साठ. इंग्रजीत दशक आधी येते. मनात मराठी आकडा धरून तोंडाने इंग्रजी बोलताना त्रेसष्टचे छत्तीस होण्याचा धोका त्यामुळेच असतो. एकोणसाठ तर "साठाला एक कमी" अशा रीतीने बांधलेला आहे आणि घाईत तो साठीच्या घरातला वाटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसचे "वीस एक" असे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी अडचण खरी आहे हे इंग्रजीत आकडे सांगणाऱ्या प्रत्येकाला मान्य होईल. उपाय एकच आहे, आकडा मराठीतून न आणता थेट इंग्रजीत वाचण्याचा सराव करणे. रोज एखादा इन्स्पेक्शन रिपोर्ट घेऊन त्यातील मोजमापे मोठ्याने वाचावीत, दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक अंक सुटा उच्चारावा: "ट्वेंटी-फोर पॉइंट झिरो थ्री."

"फिफ्टीन" आणि "फिफ्टी" यांची फोनवर हमखास गल्लत होते. पहिल्यात जोर शेवटच्या "टीन"वर द्यावा, दुसऱ्यात सुरुवातीच्या "फिफ"वर. आणि तेवढ्यावरही न थांबता "वन फाइव्ह" किंवा "फाइव्ह झिरो" असे अंक सुटे सांगावेत. पार्ट नंबरमधील अक्षरांसाठी विमान वाहतुकीत वापरतात ती अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही यादी शिकून घ्यावी. १९५६ पासून ती जगभर चालते आणि तिच्यामुळे बी, डी, ई, पी, टी, व्ही यांतील गोंधळ संपतो.

लाख आणि कोटी भारताबाहेर बोलू नयेत. १० लाख म्हणजे १ मिलियन आणि १ कोटी म्हणजे १० मिलियन, हे रूपांतर हातचे असावे, कारण रिजेक्शनसुद्धा पीपीएममध्ये, म्हणजे दर १० लाख नगांमागे किती, असे विचारले जाते. ५०० पीपीएम म्हणजे ०.०५ टक्के, हे न थांबता सांगता आले पाहिजे. तारीख सांगताना महिन्याचे नाव घ्यावे, कारण ५/६ ही तारीख आपल्यासाठी ५ जून असते आणि अमेरिकन माणसासाठी ६ मे. वेळ सांगताना कोणत्या देशाची ते म्हणावे. इंग्लंड हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे पुढे गेली की साडेचार तास. जर्मनी त्याहून एक तास जवळ आहे.

उच्चार: काय सुधारावे, काय सोडून द्यावे

ब्रिटिश भाषाअभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही असे दोघे परस्परांशी बोलतात तेव्हा समजण्यात नेमके कोणत्या उच्चारांनी अडथळा येतो, हे त्यांनी तपासले. "थिंक"मधला थ किंवा "दिस"मधला द आपल्या पद्धतीने उच्चारल्याने फारसे बिघडत नाही. स्वरांची लांबी, वाक्यातील मुख्य शब्दावरचा जोर आणि शब्दारंभीचे प, ट, क यांच्याकडे मात्र लक्ष द्यावे लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. मराठी माणसासाठी हा मोठा दिलासा आहे, कारण आपला थ आपण निर्धास्तपणे ठेवू शकतो.

स्वरांच्या बाबतीत आपली अडचण देवनागरीत लपलेली आहे. ओले, वजन आणि थांबणे या तिन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द आपण "वेट" असेच लिहितो. चाचणी आणि चव, दोन्ही "टेस्ट". विकणे आणि विक्री, दोन्ही "सेल". यांतील ओले, चाचणी आणि विकणे या शब्दांचा ए आखूड व झटकन संपणारा आहे. वजन, थांबणे, चव आणि विक्री यांचा ए लांबवून किंचित "एइ"कडे जाणारा आहे. इंग्रजी शब्द वहीत देवनागरीत लिहिण्याची सवय असेल, तर लांब ए असलेल्या शब्दाखाली एक रेघ ओढावी. मला स्वतःला या रेघेचा फार उपयोग झाला.

प, ट, क शब्दाच्या सुरुवातीला आले तर त्यांच्यासोबत थोडा श्वास सोडावा, नाहीतर "पॅक" म्हटलेले इंग्रज कानाला "बॅक" ऐकू येऊ शकते. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून सराव करावा; शब्द उच्चारताना ती हलली पाहिजे. साच्यातील हवा बाहेर जाण्याची वाट म्हणजे "व्हेंट" आणि गेला या अर्थाचा "वेंट" यांत फरक करण्यासाठी पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत, दुसऱ्यात दात अजिबात न लावता ओठांचा चंबू करावा. "झिरो" आणि "साइझ" यांतील व्यंजन आपल्याला परके वाटते, परंतु मराठीच्या "जाड"मधला ज त्याच्या अगदी शेजारचा आहे. "जीभ"मधला ज बाजूला ठेवून "जाड"मधला ज घ्यावा आणि जीभ टाळूला न टेकवता तो लांबवावा, म्हणजे हवा तो ध्वनी मिळतो.

शब्दातील जोराकडे आपण सहसा लक्ष देत नाही, कारण मराठीत सगळी अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने चालतात. इंग्रजीत एका अक्षरावर भार पडतो आणि तो चुकीच्या जागी पडला तर ओळखीचा शब्दही अनोळखी होतो. "कम्पोनंट"मध्ये भार "पो"वर आहे, "इक्विपमेंट"मध्ये "क्विप"वर, "ॲनालिसिस"मध्ये दुसऱ्या अक्षरावर म्हणजे "नॅ"वर, "टॉलरन्स"मध्ये "टॉ"वर, "इंजिनीअर"मध्ये शेवटच्या "नीअर"वर. आपल्या चाळीस वाक्यांत येणारे असे शब्द वीस-पंचवीसच असतील. मोबाइलवरील शब्दकोशात उच्चार ऐकून प्रत्येकाचा भार वहीत खूण करून ठेवावा.

आदर कसा दाखवावा

मराठीत "पाठवा" म्हटले की आदर क्रियापदातच येतो. शिवाय आपण "जरा" जोडतो, "ना" जोडतो. इंग्रजीत "सेंड" हे रूप थोरामोठ्यांना आणि बरोबरीच्यांना एकच असल्यामुळे "सेंड द ड्रॉइंग" हे आपल्याला न कळत हुकूम सोडल्यासारखे होते आणि "प्लीज" जोडूनही ते पुरते मऊ होत नाही. "कुड यू सेंड अस द रिव्हाइज्ड ड्रॉइंग बाय थर्सडे?" या वाक्यात "कुड यू" जे काम करते ते मराठीतल्या "पाठवाल का जरा" याचे आहे.

दुसऱ्या बाजूला आपण "सर" फार वापरतो. आपल्या साहेबांना तो शोभतो, मात्र युरोपीय ग्राहकाला वाक्यागणिक "येस सर, शुअर सर" म्हटल्याने तो अवघडतो आणि आपण लहान होतो. त्यांनी पहिल्या नावाने ओळख करून दिली असेल तर त्याच नावाने हाक मारावी. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडते, हे मी जाणतो. आपल्या घरात वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारण्याची रीत नाही. तरी त्यांच्याकडे तो अनादर समजला जात नाही.

"सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड" हे वाक्य कायमचे सोडून द्यावे. ते ऐकल्यावर समोरचा तुमची माहिती ऐकण्याऐवजी तुमच्या चुका ऐकू लागतो.

समजले नाही तर, आणि पटले नाही तर

पलूस तालुक्यातून आलेली एक डिप्लोमाधारक मुलगी आमच्याकडे लागली, त्याच्या तिसऱ्या महिन्यात एक परदेशी ऑडिट झाले. ऑडिटरने भरभर बोलत एक लांब प्रश्न विचारला. आम्ही चार जुने लोक तिच्या मदतीला सरसावणार, तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "यू आर आस्किंग अबाउट द हार्डनेस रेकॉर्ड. फॉर व्हिच मंथ?" ऑडिटरने महिना सांगितला. "वन मिनिट," असे म्हणून ती उठली, कपाटातून फाइल काढली, पान उघडले आणि नोंदीवर बोट ठेवून फाइल त्यांच्यापुढे फिरवली. संपूर्ण खोली त्या मिनिटात गप्प होती आणि तिला त्या शांततेची घाई झाली नाही. त्या दिवसानंतर ऑडिटर प्रत्येक प्रश्न तिलाच विचारू लागले.

तिने दोन गोष्टी केल्या होत्या. जेवढे समजले तेवढे आधी स्वतः सांगितले आणि जे कळले नाही तेवढेच विचारले. नुसत्या "पार्डन?"ने समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो, नेमका सुटलेला भाग विचारला तर तो तेवढाच सावकाश सांगतो. दुसरे म्हणजे, विचार करताना तिने "ॲक्च्युअली", "बेसिकली", "म्हणजे" यांनी जागा भरली नाही. आठवत असताना गप्प राहावे. आपल्याला फार लांब वाटलेली शांतता ऐकणाऱ्याला दोन-तीन सेकंदांचीच असते.

उत्तर माहीत नसेल तर "आय विल ट्राय" म्हणू नये, कारण त्यावर कोणालाही काही ठरवता येत नाही. "आय विल चेक अँड कन्फर्म बाय फोर ओक्लॉक, इंडिया टाइम," असे म्हणावे आणि चारच्या आधी कळवावे, माहिती अपुरी असली तरी.

ग्राहकाचे म्हणणे चुकीचे असेल तेव्हा आपल्याकडची मुले बहुधा गप्प बसतात, कारण मोठ्यांना उलट बोलू नये हे संस्कार आड येतात. यासाठी माणसाविषयी न बोलता मोजमापाविषयी बोलावे. "अवर मेझरमेंट शोज अ डिफरन्ट व्हॅल्यू. वुई चेक्ड टेन पीसेस. कॅन आय शेअर द रिपोर्ट?" यात कोणाचा अवमान नाही आणि माघारही नाही. ते मध्ये बोलू लागले तर आवाज न वाढवता "लेट मी फिनिश धिस पॉइंट," एवढे म्हणून वाक्य पूर्ण करावे. ज्या कॉलवर अनेक जण असतात तेथे आधी ज्याच्याशी बोलायचे त्याचे नाव घ्यावे, क्षणभर थांबावे आणि मग मुद्दा सांगावा.

कॉलनंतरचा अर्धा तास

आठवड्यातून एकदा, परवानगी असेल तेथे, स्वतःचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. कॉलचे शक्य नसेल तर त्याच विषयावर घरी दोन मिनिटे बोलून. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी. या आठवड्यात फक्त पहिले वाक्य निष्कर्षाचे होते का, पुढच्या आठवड्यात फक्त आकडे. सगळे एकदम तपासायला गेले तर आपलाच आवाज नकोसा होतो आणि सराव सुटतो.

प्रत्येक कॉल संपल्यावर अर्ध्या तासात एक लहान मेल पाठवावा. त्यात ठरलेल्या गोष्टी, प्रत्येकीपुढे करणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढेच असावे. बोलताना काही निसटले असेल, "येस" आणि "नो"चा गोंधळ झाला असेल, पंधराचे पन्नास झाले असतील, तर ते या मेलने त्याच दिवशी उघड होते. माझ्या त्या पहिल्या वर्षीच्या फोननंतर असा मेल गेला असता तर विमानाचे भाडे वाचले असते. नवोदिताने हे काम कोणी सांगण्याची वाट न पाहता मागून घ्यावे. चार-सहा कॉल झाले की पलीकडचे लोक तारखांसाठी आणि आकड्यांसाठी त्या मेलकडेच पाहू लागतात आणि पुढच्या कॉलच्या सुरुवातीला, लॉट कुठवर आला हे विचारताना, तुमचे नाव घेतात.